सरळ बघितलं की विरतं

चैत्र निम्मा सरला नव्हता, तोवर सोलापूरचं ऊन वैशाखाची उचल घेऊन बसलं होतं. पहाटे पाचला उंबऱ्याबाहेरच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवला तर कालच्या दुपारची धग अजून तळव्याला लागायची. वाऱ्याचं नाव नको. बाळीवेशीमागच्या त्या बोळात लिंबाचं एकच झाड, त्याचंही पान हलत नव्हतं. माणसं गच्चीवर ओलं धडपं अंगावर घेऊन पडलेली, आणि खाली सिद्धम्माच्या घरात मात्र चूल पेटलेली.

कडक भाकरीचा धंदा उन्हाळा बघत नाही. उलट उन्हाळ्यात मागणी जास्त. लग्नसराई, सुट्टीला आलेले पाहुणे, पुण्याला परत जाताना पिशवी भरून नेणारे. शाळूच्या पिठात कढत पाणी ओतायचं, तळहातानं रगडून मळायचं, आणि भाकरी थापायची ती अशी पातळ की उचलली तर पलीकडचा जाळ दिसावा. तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि मग निखाऱ्यांच्या आरापुढं उभी करून एवढी वाळवायची की टिचकी मारल्यावर पापडासारखी बोलली पाहिजे. सिद्धम्मा हे एकतीस वर्षं करत आली होती. गिरणी बंद पडली त्या साली तिचा नवरा गुरप्पा सहा महिने कट्ट्यावर बसून राहिला. मैंदर्गीहून सोलापुरात सून म्हणून आलेल्या सिद्धम्मानं मग कुणाला न विचारता घरात दुसरी चूल मांडली. त्या चुलीवर बसूचं शिक्षण झालं, त्याचं लग्न झालं, गुरप्पाचं शेवटचं दुखणं निघालं. आता तिचं वय एकसष्ट. मुलगा बसू पाकिटं स्कूटरवर घालून दुकानांत पोचवायचा, सून महेश्वरी शेजारच्या लहान तव्यावर बसायची. मोठा तवा सिद्धम्माचा. त्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडलेला तिला खपत नसे.

आणि चुलीच्याही आधी पूजा. अंघोळ करून, कपाळाला विभूती ओढून, गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून ती आपलं इष्टलिंग काढायची, डाव्या तळहातावर ठेवायची, वर एक बेलाचं पान, आणि तो हात छातीपुढं धरून बघत बसायची. नुसतं बघायचं. पापणी लवू द्यायची नाही. दहा वर्षांची असताना मैंदर्गीच्या मठात स्वामींनी तिच्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हाच सांगितलं होतं, की पोरी, मान वाकडी करायची न्हाय, नजर तिरकी करायची न्हाय, सरळ बघायचं. बघता बघता एक दिवस असा येतो की हातात लिंग बी राहत न्हाय आणि बघणारी बी राहत न्हाय, सगळं बयल हुतंय. बयल म्हणजे कानडीत उघडं रान. देवात विरून जाणं म्हणजेही बयलच. दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? तिनं आपलं सरळ बघायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षं सोडलं नाही. बाळंतपणात सोडलं नाही, नवऱ्याच्या तेराव्याला सोडलं नाही. पापणी न लवता ती एवढा वेळ बसायची की लहानपणी बसू घाबरून तिच्या डोळ्यांवर फुंकर मारायचा.

दोन वर्षांमागं, श्रावणातल्या एका सोमवारी, ते झालं. नजर लागली, आणि लिंग विरायला लागलं. आधी त्याच्या कडा मऊ पडल्या, मग बेलाचं पान गेलं, मग तळहाताच्या मधोमध नुसता राखाडी उजेड राहिला. भोवतीनं बोटं होती, मनगटावरच्या बांगड्या होत्या, मधे काही नव्हतं. सिद्धम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. सरळ बघितलं की विरतं.

घरात ती कुणाला बोलली नाही. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. जत्रेला भावाकडं मैंदर्गीला गेली तेव्हा मात्र मठातल्या चनबसप्पा अय्यांना तिनं एका बाजूला नेऊन सांगितलं. अय्या जंगम, वयानं सत्तरीचे, तिच्या माहेरची पूजापाठ सगळी त्यांच्याच हातची. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठले आणि त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. सिद्धम्माला धरणी दुभंगावी असं झालं. जंगमानं बाईपुढं हात जोडायचे म्हणजे काय? ते म्हणाले, "अम्मा, चाळीस वर्षं मी लोकांना पूजा सांगतोय. मला अजून दिसलं न्हाय ते."

त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. बाहेरून तीच, भाकरी थापणारी, बसूवर खेकसणारी. आतून मात्र कोणीतरी तिला पाटावर बसवलं होतं.

आणि गेल्या दिवाळीपासून त्या पाटाखाली काहीतरी हलायला लागलं.

विरणं पूजेबाहेर आलं. तव्यावरची भाकरी मधून नाहीशी व्हायची. कड दिसायची, मधलं दिसायचं नाही. मधे करपलेल्या भाकऱ्यांचा ढीग वाढला, आणि सिद्धम्मानं तव्याला शिव्या दिल्या, लाकडाला दिल्या, पिठाला दिल्या. मग एक दिवस महेश्वरी समोर बसून बोलत होती, तर तिचे केस होते, कानातल्या कुड्या होत्या, चेहरा नव्हता. सिद्धम्मा नकळत सुनेच्या कानाकडं बघायला शिकली. कानाकडं बघितलं की नाकडोळे कडेनं कसेबसे दिसायचे. महेश्वरीला त्याचा राग यायचा. एकदा ती म्हणाली, "आत्या, माझ्याशी बोलताना तुमी सारकं दाराकडं का बगता? कोण यायचं हाय का?"

देवानं हातातलं लिंग विरवावं हे सिद्धम्माला पटत होतं. सुनेचं नाक त्यानं कशाला विरवावं, हे पटत नव्हतं. कधी वाटायचं कृपा वाढत चाललीय, आता सगळंच बयल होणार. कधी भाकरी उलटताना वाटायचं, डोळाच जातोय. डॉक्टरकडं जावं तर ती देवाची परीक्षा घेतल्यासारखी. आणि डॉक्टरनं भलतंच सांगितलं तर? मग श्रावणातला तो सोमवार कुठं ठेवायचा? अय्यांनी जोडलेले हात कुठं ठेवायचे? म्हणून ती गेली नाही. मोठ्या तव्यापुढं बसून, बोटांच्या अदमासानं भाकऱ्या थापत राहिली. कृपा की रोग, एवढाच प्रश्न. तो तिच्या छातीवर वरवंट्यासारखा पडून होता.

अशात बोळात डोळ्याच्या मशीनची बातमी आली.

पलीकडच्या गल्लीतली राजनंदिनी कॉम्प्युटरचं शिकलेली, होटगी रोडला एका कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये कामाला लागली होती. कंपनी पुण्याची. म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या मोबाइलवरून औषधं मागवता यावीत असलं ॲप कंपनी तयार करत होती, आणि साठीच्या पुढची माणसं ते ॲप बघताना नेमकी कुठं कुठं बघतात, हे तिला मोजायचं होतं. राजनंदिनीचं काम माणसं गोळा करायचं. शेजारची शिवबाई जाऊन आली, भेट म्हणून मिळालेला स्टीलचा तीन खणांचा डबा मिरवत आली, आणि कट्ट्यावर बसून तिनं साऱ्या बायांना हसवलं. "चोरी पकडली की माजी त्या मशीननं. औषध हुडका म्हनली पोरगी, आन मी सगळा वेळ त्या कोपऱ्यातल्या फोटूतल्या बाईचा हार बगत हुते. नंतर टीव्हीवर दाखवलं. माज्या नजरेचा लाल ठिपका त्या हारावर असा बसलेला, मुंगळा गुळाला बसावा तसा."

बाया हसल्या. सिद्धम्मा हसली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट अडकली. डोळा कुठं जातो हे ज्याला कळतं, त्याला डोळा बयलात जातो तेही कळेल. डॉक्टर रोग शोधतो, म्हणून त्याला रोगच सापडणार. हे मशीन तर नुसतं बघतंय. साक्षीदारासारखं. त्याला देवाशी काय देणंघेणं आणि रोगाशी काय?

ती आपण होऊन राजनंदिनीकडं गेली. राजनंदिनीला आनंदच झाला, पण पोरगी प्रामाणिक, तिनं दोनदा सांगितलं की अज्जी, हे डोळे तपासायचं शिबिर न्हाय बरं का, चश्म्याचा नंबरबिंबर काय मिळत न्हाय हितं. सिद्धम्मानं मान हलवली. माणूस आशेला लागलं की त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. घरी तिनं सांगितलं की डबा मिळतोय म्हणून जाते. तीस वर्षांत कुणाकडून फुकटचा चमचा न घेतलेली बाई डब्यासाठी निघाली, म्हणून महेश्वरी नुसती बघत राहिली.

फ्लॅटमध्ये गारवा एवढा की बाहेरून आलेल्याला हुडहुडी भरावी. खिडक्यांना काळे पडदे. एका टेबलावर टीव्हीएवढा पडदा, त्याच्या खालच्या कडेला वीतभर लांबीची काळी पट्टी, तिच्यात दोन बारीक तांबडे दिवे. ती पट्टीच मशीन. समोरच्या खुर्चीत सिद्धम्माला बसवलं. पुण्याहून आलेली प्रियदर्शनी म्हणून तिशीतली बाई सगळं समजावून सांगत होती, आणि पलीकडं दुसऱ्या कॉम्प्युटरवर विरेश म्हणून अक्कलकोट रोडचा पोरगा बसला होता. सिद्धम्माच्या गळ्यातली करडगी बघून तो कानडीत बोलायला लागला, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. आपलं माणूस. एक कागद वाचून दाखवला, त्यावर तिनं सही केली. सही रेघेच्या बोटभर खाली गेली. कुणी लक्ष दिलं नाही.

प्रियदर्शनीनं सांगितलं की आधी मशीनला तुमच्या नजरेची ओळख करून द्यायची. पडद्यावर एक ठिपका येईल, तो नऊ ठिकाणी फिरेल, तो जिथं जाईल तिथं फक्त बघायचं, डोकं हलवायचं नाही.

फक्त बघायचं. सिद्धम्माला वाटलं, पन्नास वर्षं दुसरं काय केलं? तिनं पाठ ताठ केली, हनुवटी सरळ केली, आणि पूजेला बसते तशी नजर लावली.

विरेश हसला. "अज्जी, जरा पापणी तर मारा. मशीनला वाटंल फोटूच ठेवलाय समोर."

"आमच्यात बगताना पापणी मारत न्हाईत," ती म्हणाली. आवाजात ताठा होता.

प्रियदर्शनीला कौतुक वाटलं. इतकी स्थिर नजर आपण अजून कुणाची पाहिली नाही, असं ती म्हणालीसुद्धा. पण मशीनला ते पटेना. ठिपका नऊ ठिकाणी फिरून आला आणि पडद्यावर काहीतरी लाल अक्षरात उमटलं. परत केलं. परत लाल. खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली, कपाळावरचा पदर सारला, विभूतीची चमक नडते की काय म्हणून विरेशनं दिवा बदलला. पाच वेळा झालं. सिद्धम्मा आतून घामाघूम झाली होती. ठिपक्याकडं सरळ बघितलं की ठिपका विरायचा. मग तो कुठं गेला म्हणून नजर जराशी वर नेली की खालून परत उगवायचा. उगवला म्हणून सरळ गेलं की परत विरायचा. लहान पोरानं लपंडाव खेळावा तसा.

शेवटी विरेशनं ओळख करून द्यायचा नाद सोडला. मशीनच्या मूळ मापावर नजर ढोबळमानानं दिसेल म्हणाला, आणि पडद्याच्या मधोमध एकच मोठा काळा ठिपका ठेवला. याकडं बघा. ती बघत राहिली. मग त्यानं आपला पडदा तिच्याकडं वळवला, आणि तिनं त्याच्याही कडेकडं नजर टाकून ते बघितलं. मधे काळा ठिपका. तांबडं वर्तुळ त्याच्यावर नव्हतं. ते वर, डाव्या अंगाला बसलं होतं. विरेशनं ठिपका खाली नेला, तर वर्तुळ त्याच्या वर डावीकडं. उजवीकडं नेला, तरी वर डावीकडं. पाहुण्याच्या शेजारी बसावं पण त्याच्याशी बोलू नये, तसं.

"अज्जी, तुमी ठिपक्याकडं बगतच न्हाय," विरेश म्हणाला. "त्याच्या वरच्या अंगाला बगताय."

"सरळ बगितलं तर तो ऱ्हात न्हाय."

"कुटं जातो?"

"विरतो," सिद्धम्मा म्हणाली. आणि मग, दोन वर्षं गिळलेला शब्द तिनं त्या गार खोलीत, त्या तांबड्या दिव्यांपुढं काढला. "बयल हुतंय."

विरेशला तो शब्द कळला. लिंगायताच्या घरात वाढलेला पोरगा, त्याला कळणारच. त्याचा चेहरा कसा झाला ते सिद्धम्माला दिसलं नाही, पण त्यानं वळवलेला पडदा परत आपल्याकडं फिरवून घेतला. प्रियदर्शनीला काही कळलं नव्हतं. तिनं त्याला हळूच विचारलं, त्यानं नुसती मान हलवली.

मग सिद्धम्मानं ज्यासाठी आली होती ते विचारलं. "तुमच्या मशीननं बगितलं की सगळं. मग सांगा. ही नजर देवाकडं गेलीय, का डोळा गेलाय?"

प्रियदर्शनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली, हातावर हात ठेवला. म्हणाली, "आजी, आम्ही डोळे तपासत नाही हो. डोळे कुठं जातात तेवढंच आम्हाला कळतं. तुम्हाला काय दिसतं, ते याला नाही कळत." जरा थांबून तिनं विचारलं की घरी चेहरे बघताना असं होतं का. सिद्धम्मानं हो म्हणून मान हलवली, आणि ती हलवतानाच तिला उत्तर मिळालं. प्रियदर्शनीनं एका कागदावर डोळ्यांच्या पडद्याच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला, आणि उद्याच जा, थांबू नका, असं दोनदा बजावलं. सिद्धम्माचं रेकॉर्डिंग कंपनीला वापरता येणार नव्हतं. नजर जुळली नाही तर ते माणूस मोजणीतून काढून टाकायचं, असा नियम. डबा मात्र दिला. सिद्धम्मा तो घ्यायला तयार नव्हती. विरेशनं खाली रिक्षापर्यंत येऊन तिच्या मांडीवर ठेवला, आणि एवढं ताठ मानेनं फिरणारं पोरगं तिच्या पायाला हात लावून गेलं. हात का लावला हे तिला कळेना. आदर की कीव? अय्यांनी हात जोडले तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता.

डॉक्टरकडं महेश्वरी घेऊन गेली. न सांगून कसं चालणार होतं? डोळ्यांच्या बाहुल्या रुंद करायचं औषध घातलं, फोटो काढले, चौकटी चौकटीचा एक कागद पुढं धरला आणि मधला ठिपका दिसतो का विचारलं. ठिपका नव्हता. मधल्या चौकटीही नव्हत्या. कडेच्या होत्या, त्या भिजलेल्या वहीसारख्या वाकड्या. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्यानं माणूस सरळ बघतं, वाचतं, चेहरे ओळखतं, तो दोन्ही डोळ्यांचा गेलाय. उजव्याचा आधी, डाव्याचा नंतर. कडेचं दिसणं राहील. मधलं परत येणार नाही. सुरुवातीला दाखवलं असतं तर इंजेक्शनं देऊन निदान डावा तरी बराच धरून ठेवता आला असता.

"कधीपासून होतंय हे?"

"दोन श्रावण झाले."

"दोन वर्षं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दुखलं नसेल, पण काही वाटलं नाही का तुम्हाला, आजी?"

"वाटलं की," सिद्धम्मा म्हणाली. "बरं वाटलं."

डॉक्टर महेश्वरीकडं वळले असावेत, कारण त्यांचा आवाज पुढं तिकडून आला. काय खायचं, चष्मा कसला घालायचा, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. सिद्धम्मा ऐकत नव्हती. ती रोजच्या पहाटा मोजत होती. ज्या घटकेला ती डोळ्यांत पाणी आणून देवाचे उपकार मानत होती, नेमक्या त्याच घटकेला आत डोळा जळत होता. आणि तिनं तो जळू दिला. नुसता जळू दिला नाही, त्याला ओवाळलं.

रिक्षात महेश्वरी रडली. आधी चिडून, मग नुसतीच. "सांगायचं तर व्हतं, आत्या. मी काय परकी हाय? भाकरी करपली की तुमी तव्याला शिव्या देत हुता, आन मी मनात तुमाला देत हुते." सिद्धम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलली असती तर सांगावं लागलं असतं की मी स्वतःला तुम्हा सगळ्यांपेक्षा वर चढलेली समजत होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तव्यावर महेश्वरी बसली. कुणी बसवली नाही, कुणी उठवलं नाही. सिद्धम्मा चुलीपाशी आली तेव्हा सून बसलेली होती, आणि बाजूला लाकडं सारायला पाट मांडून ठेवला होता. सिद्धम्मा त्या पाटावर बसली. भाकऱ्या एकेक करून आरापुढं उभ्या राहायला लागल्या. करपल्याचा वास एकदाही आला नाही. त्या दिवशी बसूनं दुकानांत पाकिटं दिली तेव्हा सिद्धम्माला अव्वा म्हणणाऱ्या एका दुकानदारानं अव्वाचा हात परत जागेवर आला म्हणून निरोप पाठवला. बसूनं तो घरी येऊन तिला सांगितला नाही. महेश्वरीला सांगताना सिद्धम्माच्या कानावर पडला.

चार दिवसांनी तिनं बसूला मैंदर्गीला फोन लावून द्यायला सांगितलं. चनबसप्पा अय्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरचा शब्द न् शब्द. अय्या हळहळले. म्हणाले, रोग बी त्याचाच, डोळा बी त्याचाच, त्यानं दिलं ते प्रसाद म्हणून घ्यावं. असं ते बरंच बोलले. सिद्धम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अय्या, मग त्या दिवशी तुमी मला हात का जोडले?"

तिकडून पंख्याचा आवाज येत होता, कुठंतरी भांडं पडल्याचा आला. ती थांबली. मग फोन बसूच्या हातात देऊन आत गेली. नंतर ते काय म्हणाले हे तिनं विचारलं नाही, बसूनंही सांगितलं नाही.

खरं तर रोग झाला याचं तिला एवढं काही नव्हतं. वय झालं, शरीर आहे, गुरप्पाचं दुखणं तिनं जवळून बघितलं होतं. दोन वर्षांची ती राखाडी उजेडाची पहाट तेवढी कुणी परत करावी. ती खोटी असेल तर तसं सांगावं, खरी असेल तर तसं. मशीन म्हणालं मला कळत नाही. डॉक्टर म्हणाला मधला पडदा गेला. अय्या गप बसले. पन्नास वर्षं जो हात छातीपुढं धरला, त्यालाच विचारावं, तर तो मधून दिसतच नाही.

तरी डॉक्टरकडून आल्यावर सातव्या दिवशी ती पूजेला बसली. मधले सहा दिवस बसली नव्हती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. अंघोळ केली, विभूती लावली, लिंग तळहातावर ठेवलं, बेलाचं पान ठेवलं. सरळ बघितलं. विरलं. तसंच, तेवढ्याच सावकाश, श्रावणातल्या सोमवारसारखंच. ऊर भरून आला नाही. कोरड्या विहिरीत डोकावावं तसं वाटलं. मग तिनं नजर वर उचलली, डाव्या अंगाला नेली, त्या तांबड्या वर्तुळाच्या जागी, आणि कडेनं लिंग दिसलं. काळं, वाटोळं, पानाखाली निम्मं झाकलेलं, दहा वर्षांची होती तेव्हा होतं तेवढंच. ते तिथंच होतं. सगळा वेळ तिथंच असणार. पण तिरक्या नजरेनं बघायचं नसतं. चोरून बघणाऱ्यानं बघावं तसं देवाकडं बघवेना, आणि सरळ बघावं तर तो नाही. तिनं दोनतीनदा इकडून तिकडून करून बघितलं. हात दुखायला लागला. पूर्वी तो तासभर धरून दुखत नसे. डोळे मिटावेत म्हणून मिटले, तर मिटल्यावर काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाहेर बोळात गलका झाला. नळाला पाणी आलं होतं, पाच दिवसांनी. शिवबाई कुणाच्या तरी घागरीवरून भांडत होती. आतून महेश्वरीनं हाक मारली की आत्या, माझं हात पिठात हाईत, पाइप लावता का, आणि लगेच, ऱ्हाऊ द्या, मी येते, असंही म्हणाली.

"बस तू," सिद्धम्मा म्हणाली.

तिनं लिंग करडगीत घातलं, करडगी पदराआड सारली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. नळाला पाइप बसवला. पहिलं पाणी गढूळ येतं, ते गटारीला सोडून द्यावं लागतं. तिनं ते बराच वेळ वाहू दिलं. मग पाइपचं तोंड उचलून पहिल्या पिंपात टाकलं.